शिणोबाची खिंड

शाळेत मी भूगोल शिकवतो. गेली बावीस वर्षं आल्प्स पर्वत, त्यातल्या खिंडी, तिथली खेचरं आणि बर्फ मी मुलांना इतक्या ठसक्यात सांगत आलो आहे, की मास्तर दर सुट्टीत तिकडेच असतात असं कुणालाही वाटावं. वस्तुस्थिती अशी, की भोरच्या पलीकडचे डोंगर मी फक्त आमच्या गच्चीवरून पाहिले होते, तेही पापड वाळत घालताना. यंदा माघात प्रथमच तिकडे पाऊल टाकलं. परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी डाव्या टाचेचा फोड सुकलेला नाही, आणि जिना चढताना माझ्या आधी गुडघे बोलतात. एवढा शिणलो आहे, की हे लिहितानाही पाय पाटावर ठेवले आहेत. तरी लिहितो. देवदर्शनाला गेलो नव्हतो, किल्ला बघायलाही नाही. दोन लहान मुलांना पुरलं होतं ती जागा बघायला गेलो होतो.

आधी त्या मुलांचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

नानाकाका हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यात आलं, की शिकलेल्या माणसांनी खुर्च्या सोडून जमिनीकडे वळलं पाहिजे. वेल्ह्याच्या पलीकडे, कोकणात उतरणाऱ्या वाटेवर एक रिकामा माळ होता. भोरच्या सात घरांनी तिथे जाऊन वसाहत करायची आणि मोसंबीच्या बागा लावायच्या, असं ठरलं. सभा झाल्या, भाषणं झाली. वसाहतीला नाव काय द्यायचं यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते अजून बंद आहे. निघायच्या दिवशी मात्र कुणाची आई आजारी पडली, कुणाचं नक्षत्र आडवं आलं, आणि सातांतलं एकच घर निघालं. नानाकाका, बावीस वर्षांची काकू, अडीच वर्षांचा गोविंदा, अकरा महिन्यांची यमू आणि सावळा नावाचा गडी.

त्या माळावर पाऊस एकदा लागला की चार महिने आभाळ दिसत नाही. मोसंबी मुळापासून कुजली. मग हिवताप आला. श्रावणात आठ दिवसांच्या अंतराने आधी यमू गेली, मग गोविंदा. दसऱ्याच्या आत तापाने फणफणलेल्या काकूला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं. त्यानंतर तिला मूल झालं नाही. नानाकाकांनी पुढे जन्मभर कचेरीत खुर्ची उबवली, आणि घरात मोसंबं कधी येऊ दिलं नाही.

काकूने आता पन्नाशी ओलांडली आहे आणि ती आमच्याकडे असते. गेल्या भाद्रपदात नानाकाकांचं वर्षश्राद्ध झालं. त्या संध्याकाळी भांडी आवरता आवरता ती मला म्हणाली, "दत्तू, माझं एक काम करशील?"

मला वाटलं, वाण्याकडून काही आणायचं असेल.

"माझ्या मुलांची जागा बघून ये. मी ती बघितलेली नाही. बायकांना नेत नाहीत, आणि मी तर तापात होते. त्या माळावर तरस होतं रे. रात्री हसायचं. तरसाने त्यांना उकरलं नाही ना, एवढं मला हवंय."

"नानाकाका काय म्हणायचे?"

"नाही म्हणायचे. दर वेळी नाही म्हणायचे, आणि दर वेळी दुसरीकडे बघायचे."

"अगं, पण मीच का? आमचा धाकटा वामन आहे, त्याचे पाय चांगले आहेत."

"वामनला खोटं बोलता येतं," काकू म्हणाली. "तुला येत नाही. तू खोटं बोलायला लागलास, की फार बारकावे सांगतोस."

यावर आतून आमच्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी तो ऐकला नाही असं दाखवलं.

वेल्हे

नसरापूरपर्यंतची मोटार आणि तिथून पुढची बैलगाडी यांविषयी काही लिहीत नाही. वाचणाऱ्याने एका बाजूच्या हाडांवर बसून राहावं, म्हणजे वर्णन पुरं होईल.

वेल्ह्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. तोरणा इतका जवळ उभा होता, की मान मागे टाकावी तेव्हा माथा दिसावा. मुक्काम मारुतीच्या देवळात केला. वाटाड्या म्हणून धोंडिबा नावाचा शेतकरी मिळाला. चाळिशीचा, काटक, खांद्यावर कोयता. भाताची झोडणी आटोपलेली असल्याने मोकळा होता. कुठे जायचं ते सांगितल्यावर त्याने मला टाचेपासून टोपीपर्यंत बघून घेतलं.

"भटाचा माळ? तितं काय हाय, मास्तर? दगडं हायती."

"मला तेच बघायचे आहेत."

"दगडं बगायला दगडंच तुडवीत जानार व्हय? तुमी शाळंत शिकिवता म्हनं."

नानाकाकांच्या वसाहतीला सात घरांनी भांडून जे नाव ठेवलं होतं, ते तिकडे कुणाला माहीत नाही. तिला भटाचा माळ म्हणतात. मी ही माहिती खिशात घातली. भोरला जाऊन ज्या दोन घरांचं बोलणं बंद आहे त्यांना सांगावी, असं एकदा मनात आलं.

खिंडीत

पहाटे निघालो. तोरणा उजवीकडे ठेवून आधी भाताची रिकामी खाचरं, मग कारवी, मग चढ. पहिल्या तासाला मी धोंडिबाला दगडांचे प्रकार समजावून सांगत होतो. दुसऱ्या तासाला प्रश्नांची उत्तरं मान हलवून देऊ लागलो. तिसऱ्या तासाला वहाणेचा अंगठा तुटला. धोंडिबाने कसल्याशा वेलीने तो बांधून दिला आणि वेलीने माझी टाच सोलली. त्यात ओढा ओलांडताना दशम्यांची पुरचुंडी पाण्यात पडली. ती वाहत गेली तशी मी तिच्याकडे बघत राहिलो. पळण्याची ताकदच नव्हती.

"मासं जेवतील," धोंडिबा म्हणाला. "पुन्य हाय."

दुपार डोक्यावर आली तेव्हा चढ संपला आणि एका खिंडीशी आलो. तिथे वाटेच्या कडेला दगडांची एक रास होती. रास म्हणजे किती, तर माझ्या डोक्याहून हातभर उंच, आणि घेर एवढा, की आमच्या शाळेचा पाचवीचा वर्ग तिच्याभोवती फेर धरून उभा राहील. रचलेली नव्हे, एकेक दगड टाकून वाढत गेलेली. शेंदूर नाही, दिवा नाही, नारळाची करवंटीसुद्धा नाही.

"हे काय रे?"

"शिनोबा." धोंडिबाने वाकून मुठीएवढा दगड उचलला, राशीवर ठेवला आणि कपाळाला हात लावला. "शिनाचा द्येव. कोकनात जानारा येनारा कोनबी आसू द्या, हितं एक दगड ठिवायचा. वझंकरी हायती, मीठवालं हायती, समदी ठिवत्यात. शीन हितंच ऱ्हातो."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर घिऊन जायाचा घरला. बायकूला द्यायाचा."

आमच्याकडे देवाला नैवेद्य लागतो, सोवळं लागतं, गुरुजी लागतात. इकडचा देव थकवा घेऊन गप बसतो. मला हे फार पसंत पडलं.

"केवढा दगड ठेवायचा?"

"जेवडा शीन, तेवडा दगुड."

असं म्हटल्यावर मी मुठीएवढ्याने कसा भागवणार? आजूबाजूला शोधून पाट्याएवढा एक दगड दोन्ही हातांनी उचलला, पोटावर घेतला, आणि धापा टाकत राशीच्या मध्यावर नेऊन दणकन ठेवला. दोन लहान दगड सुटून खाली घरंगळले.

"मास्तर," धोंडिबा म्हणाला, "ह्यो आजचा शीन न्हवं. जलमाचा ठिवलासा."

आम्ही दोघंही हसलो. खोटं कशाला सांगू, पुढचा उतार मला खरंच हलका गेला.

भटाचा माळ

खिंडीपलीकडे अर्ध्या तासावर माळ. वरून बघितलं तर सपाट, पिवळ्या गवताचा, सुंदर. पाय ठेवला की कळतं, हातभर मातीखाली सगळा एकसंध कातळ आहे. इथे मोसंबी! भूगोलाच्या मास्तराला विचारलं असतं तर... पण मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि माझा भूगोल नापास होता.

नानाकाकांच्या घराचं जोतं तेवढं उरलं आहे, त्यात करवंदीच्या जाळ्या. पलीकडे तीन खोपटांची वस्ती. तिथल्या पहिल्याच अंगणात उन्हाला पाठ करून एक म्हातारा दोरी वळत बसला होता. डोळ्यांत दोन्हीकडे पांढरं पडलेलं, पण हात थांबत नव्हते. मी नाव सांगितलं, कुणाचा पुतण्या ते सांगितलं. हात थांबले.

"नानांच्या घरचं?" तो म्हणाला. "मी सावळा."

सावळा हयात असेल, किंवा असेल तर तिथेच असेल, हे मला सुचलंच नव्हतं. घरातली माणसं खाली उतरली आणि गडी तिथेच राहिला, यात तीस वर्षांत कुणालाही विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मलाही नाही.

"नाना?"

"गेले. दीड वर्ष झालं."

"आन् वैनी?"

"आहे. तिनेच पाठवलंय."

त्याने दोरी बाजूला ठेवली आणि आत हाक मारली. "ए, पावणं उपाशी हायती. भाकरी टाक." आतून सुनेचा आवाज आला, "आवं मामा, त्ये भट हायती, आपल्यातलं कसं खातीला?" सावळा म्हणाला, "इचार त्यास्नी."

दशम्या माशांनी खाल्ल्या होत्या. मी म्हणालो, "खाईन." नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि वर लसणीचा ठेचा. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीकडे बघितलं. धोंडिबाने ते बघितलं आणि आपल्यातली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली.

हात धुतल्यावर विचारलं, "सावळातात्या, मुलांना कुठे ठेवलं होतं?"

म्हाताऱ्याने डोकं माझ्याकडे वळवलं. "तुमी खिंडीतनंच आला न्हवं?"

"हो."

"मंग तितनंच आलासा की."

मला कळायला वेळ लागला. धोंडिबाला माझ्याआधी कळलं. त्याने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

सावळाने सांगितलं ते असं. माळावर कातळ, त्यात पावसाने लाकूड पेटेना, म्हणून यमूला खिंडीत नेलं. तिथे थोडी माती होती. "लई खोल न्हाई गेलं, मास्तर. कमरंइतकं बी न्हाई. वर काटं घातलं, दगडं ठिवली. पर पाऊस धो धो. दुसऱ्या दिशी सकाळी नाना म्हनलं, बघून यिऊ. ग्येलो." त्याने दोरी पुन्हा हातात घेतली. "तरस यिऊन ग्येलं हुतं."

"पुरतं न्हाई काडलं. वर आली हुती पोर. नानांनी आपल्या हातानं परत ठिवली. मला हात लावू दिला न्हाई. मला म्हनलं, सावळ्या, वैनीला कळता कामा न्हाई. मंग आठ दिसांनी गोविंदा. त्यो बी तितंच, तिच्याजवळ. म्या तितं बसून ऱ्हायलो, जाळ करून. पर मानूस किती दीस बसंल? त्यात नाना-वैनी खाली ग्येलं. मला यकट्याला काय जमतंय? दगडं पायजेत, लई पायजेत. तवा कोकनातनं मिठाचं बैल यायचं. त्येस्नी म्हनलं, बाबांनू, हितं एकेक दगड टाकीत जावा."

"ते टाकायचे?"

"मढं हाय म्हनलं आसतं तर हिकडची वाट सोडली आसती त्येंनी. म्या म्हनलं, द्येव हाय. शिनाचा द्येव. दगड ठिवला की शीन जातो." त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. "मानूस शिनलेलंच असतंय. लगेच ठिवलं."

धोंडिबा हळूच म्हणाला, "म्हाताऱ्या, आरं, मी ल्हान हुतो तवापासनं ठिवतोय. पोरीच्या वरातीत बी ठिवला. त्यो द्येव तू क्येला?"

"मी क्येला."

"आन् शीन जातोय त्यो?"

"जातोय न्हवं?"

"जातोय."

"मंग तुजं काय ग्येलं?"

मला तो पाट्याएवढा दगड आठवला. ऐटीत पोटावर धरून नेलेला, दणकन ठेवलेला.

परतताना खिंडीत थांबलो. मी राशीवर चढून माझा दगड काढायला गेलो. तो नीट अडकून बसला होता. धोंडिबाने माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. ठिवलेला शीन उचलू न्हाई. आन् तरस आजून हाय ह्या रानात." मग त्याने खाली बघत विचारलं, "मी कुनाला सांगू का नगं हे?"

मी म्हणालो, "नको."

"मला बी तेच वाटतंय."

जाताना त्याने दगड ठेवला, नेहमीसारखा. कपाळाला हात लावला.

भोर

परतीच्या सगळ्या वाटेने, बैलगाडीत आणि मोटारीत, मी मनात एकच पाठ घोकत होतो. पोचलो तेव्हा काकू ओसरीवर वाती वळत बसली होती. मी पाय धुतले, पाणी प्यालो, आणि तिच्यासमोर बसून घोकलेलं म्हणून दाखवलं. जागा अगदी सुखरूप आहे. कुणी हात लावलेला नाही. वर आंब्याचं झाड आहे, चांगलं जुनं, सावली भरपूर. आंब्याला यंदा मोहोर बरा आहे. फांदीवर बुलबुल होता. तो—

"बुलबुल कशाला आणलास?" काकू म्हणाली.

मी टाचेचा फोड बघू लागलो.

"उकरलं होतं ना?"

मी मान खाली घातली.

"यमूला?"

"हो."

तिने हातातली वात पुरी वळली आणि तबकात ठेवली. "मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आले तेव्हा कोपरापर्यंत माती होती. ओढ्यावर जाऊन धोतर धुऊन आले. सगळ्या जन्मात स्वतःचं धोतर त्यांनी एकदाच धुतलं, दत्तू. मी तापात होते, आंधळी नव्हते."

"मग तू त्यांना परत परत का विचारायचीस?"

"त्यांना 'नाही' म्हणायला मिळावं म्हणून." दुसरी वात घेऊन म्हणाली, "ते असताना खरं कळलं असतं तर ते खोटे ठरले असते. आता हरकत नाही. सांग, सगळं सांग. झाड-बिड नको."

मग सांगितलं. नानाकाकांनी स्वतःच्या हाताने परत ठेवली ते. सावळा जाळ करून बसला ते. मिठाचे बैल, शिणोबा, येणारे-जाणारे, धोंडिबाच्या मुलीची वरात. सावळा अजून आहे आणि त्याने तिची चौकशी केली, हेही. एवढ्यावर मात्र तिने पदर डोळ्यांना लावला.

"केवढी रास आहे म्हणालास?"

मी उभा राहिलो आणि डोक्यावर हात करून दाखवलं. मग टाचा उंच केल्या, फोडासकट. "याहूनही थोडी वर. आता तरस काय, वाघ आला तरी एक दगड हलणार नाही. तू अगदी निर्धास्त रहा."

मला वाटलं होतं, तिचा जीव भांड्यात पडेल. ती माझ्या हाताच्या उंचीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढे दगड? सगळे त्यांच्यावर?"

"हो. म्हणून तर—"

"लहान आहेत रे ती," काकू म्हणाली.

मी हात खाली घेतला. ती तबक उचलून देवघरात गेली.

वेल्ह्याकडून कोकणात उतरणाऱ्या वाटेने वाचणाऱ्यांपैकी कुणी जाईलसं वाटत नाही. पण गेलात, तर खिंडीत ती रास लागेल आणि बरोबरचा माणूस तुम्हाला दगड ठेवायला सांगेल. ठेवा. तिकडची रीत आहे, आणि शीण खरंच जातो, हे मी अनुभवाने सांगतो. तो जेवढा शीण तेवढा दगड म्हणेल. त्याचं तेवढं ऐकू नका. कितीही दमला असलात तरी लहानसा बघून ठेवा, आणि हलक्या हाताने.